रक्तात शोधलेला धर्म : ‘वंशवाद’ या शब्दाची गोष्ट

मराठीत ‘रेसिझम’साठी एकच ठरलेला शब्द नाही. कोणी वंशवाद म्हणतो, कोणी वंशभेद, कोणी वर्णद्वेष. दक्षिण आफ्रिकेबद्दल लिहिताना आपण ‘वर्णद्वेषी राजवट’ असे लिहीत आलो. पण आपल्याकडे ‘वर्ण’ म्हटले की कातडीच्या रंगाआधी चातुर्वर्ण्य आठवते. ‘वंशवाद’ म्हणावे, तर हिंदी वाहिन्यांनी तो शब्द घराणेशाहीसाठी वापरून वापरून गुळगुळीत केला आहे. शब्दच असे निसरडे असल्यावर चर्चा घसरते यात नवल नाही.

गेल्या काही वर्षांत या चर्चेत एक वाक्य वारंवार ऐकू येते : “इस्लाम हा धर्म आहे, वंश नाही. मग मुसलमानांविरुद्ध बोलणे हा वंशवाद कसा?” वरवर पाहता हे बिनतोड वाटते. धर्म स्वीकारता येतो, सोडता येतो, बदलता येतो. वंश जन्माने मिळतो. मग दोन्हींची गल्लत का करायची?

या प्रश्नाला हेतूवर शंका घेऊन उत्तर देण्यात अर्थ नाही. उत्तर इतिहासात आहे. ‘रेस’ हा शब्द ज्या भूमीत आज ओळखीच्या अर्थाने घडला, तिथे तो सगळ्यात आधी ज्यांच्यावर चिकटवला गेला, त्यांत ज्यूंबरोबर मुसलमानही होते. तेही कसले मुसलमान? बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झालेले.

बाप्तिस्म्याने न धुतलेले रक्त

स्पेनमधील टोलेडो शहरात १४४९ साली दंगल झाली आणि शहराचा ताबा घेणाऱ्यांनी एक नियम जाहीर केला. ज्यूंमधून ख्रिस्ती झालेल्यांना, त्यांच्या वंशजांनाही, शहरातील अधिकारपदे मिळणार नाहीत. ही माणसे ख्रिस्ती होती. चर्चमध्ये जात होती. अनेकांच्या घरी धर्मांतराला दोन पिढ्या उलटल्या होत्या. तरीही त्यांचे ‘रक्त’ शुद्ध नाही, असे ठरवण्यात आले. पोप निकोलस पाचवा याने त्याच वर्षी या नियमाचा निषेध केला. बाप्तिस्मा घेतलेले सगळे ख्रिस्ती सारखे, ही चर्चची शिकवण होती आणि हा नियम तिलाच छेद देत होता. पण पोपच्या निषेधाने काही थांबले नाही. पुढच्या शंभर वर्षांत धर्मसंघ, विद्यापीठांतील महाविद्यालये, प्रार्थनामंदिरे अशा एकेका संस्थेने असे नियम केले. १५४७ मध्ये खुद्द टोलेडोच्या मुख्य चर्चनेही ते स्वीकारले. याला स्पॅनिशमध्ये ‘लिम्पिएसा दे सांग्रे’ म्हणतात, म्हणजे रक्ताची शुद्धता. पद हवे असेल तर आजोबा-पणजोबा कोण होते याचे पुरावे द्यायचे, साक्षीदार उभे करायचे. असे पुरावे मागण्याची पद्धत १९व्या शतकापर्यंत टिकली.

मुसलमानांची पाळी थोडी नंतर आली. २ जानेवारी १४९२ रोजी ग्रॅनडा पडले. शरणागतीच्या करारात मुसलमानांना आपला धर्म, मशिदी आणि काझी राखण्याची हमी होती. सात-आठ वर्षांत सक्तीची धर्मांतरे सुरू झाली. १५०२ मध्ये कॅस्टिल राज्यातील मुसलमानांना ‘ख्रिस्ती व्हा किंवा देश सोडा’ असा हुकूम निघाला आणि १५२६ पर्यंत अरागॉन व व्हॅलेन्सियातही तेच झाले. कागदोपत्री स्पेनमध्ये आता एकही मुसलमान उरला नव्हता. पण या नव्या ख्रिस्त्यांना वेगळे नाव मिळाले : मोरिस्को. जुने ख्रिस्ती ते जुने ख्रिस्ती आणि नवे ते नवे. पिढ्या गेल्या तरी नवे जुने होईनात.

मोरिस्कोंपैकी बरेच जण घरात गुपचूप नमाज पढत, रोजे ठेवत, हे खरे आहे. बरेच जण मनापासून ख्रिस्ती झाले होते, हेही खरे आहे. अनेकांना आपण नक्की कोण हेच सांगता आले नसते. राज्याला मात्र हा फरक करण्यात फारसा रस राहिला नाही.

१५६७ मध्ये ग्रॅनडात एक फर्मान निघाले. अरबी बोलायची नाही, लिहायची नाही. मोरिस्को पोशाख घालायचा नाही. बायकांनी चेहरा झाकायचा नाही. हमामखाने बंद. अरबी नावे बंद. लग्नातली पारंपरिक गाणी-नाच बंद.

एका म्हाताऱ्याचा अर्ज

या फर्मानाविरुद्ध फ्रान्सिस्को नून्येस मुलेय या वृद्ध मोरिस्को सरदाराने ग्रॅनडाच्या न्यायपीठाच्या अध्यक्षांकडे एक निवेदन दिले. ते आजही उपलब्ध आहे आणि वाचताना थक्क व्हायला होते. त्याचा मुद्दा साधा होता : तुम्ही ज्याला इस्लाम म्हणता आहात तो इस्लाम नाही, ती आमची राहणी आहे. कॅस्टिलच्या प्रत्येक प्रांतातल्या बायकांचा पोशाख वेगळा असतो, तसा आमच्या बायकांचा. अरबी बोलल्याने माणूस मुसलमान ठरत असेल, तर मग सीरिया, इजिप्त आणि माल्टाचे ख्रिस्ती अरबी बोलतात, त्यांचे काय? हमाम अंग धुण्यासाठी असतात. आणि आमची आडनावे पुसलीत तर कोण कोणाचा हे कसे कळणार, व्यवहार कसे चालणार?

साडेचारशे वर्षांपूर्वीचे हे युक्तिवाद आपल्याला नवे वाटत नाहीत. दाढी, टोपी, बुरखा, नाव, भाषा, ताटातला पदार्थ. राहणीला धर्म म्हणायचे, धर्माला निष्ठा म्हणायचे आणि निष्ठेला रक्त म्हणायचे, ही साखळी तेव्हाच तयार झाली होती.

पण या निवेदनात एक अडचणीची जागा आहे आणि ती टाळून पुढे जाणे बरोबर होणार नाही. आपल्या गाण्या-नाचांची बाजू मांडताना नून्येस मुलेय विचारतो की गिनीहून आणलेल्या काळ्या गुलामांपेक्षा खालचे लोक कोणते असतील? आणि त्यांनासुद्धा आपल्या भाषेत गायला-नाचायला परवानगी आहे, मग आम्हाला का नाही? रक्ताच्या शिडीवर आपल्याला खाली ढकलले म्हणून तक्रार करणारा माणूस आपल्याखालची पायरी मात्र शाबूत ठेवतो. शिडी चुकीची आहे असे तो म्हणत नाही. आपली पायरी चुकली आहे, एवढेच त्याचे म्हणणे आहे. याकडे मी पुढे परत येणार आहे.

निवेदन फेटाळले गेले. १५६८ च्या नाताळच्या सुमारास अल्पुहार्रासच्या डोंगरांत उठाव झाला आणि १५७१ पर्यंत तो चिरडण्यात आला. ग्रॅनडातील सुमारे ८० हजार मोरिस्को उचलून कॅस्टिलमध्ये विखुरण्यात आले. अखेर १६०९ मध्ये राजा फिलिप तिसरा याने सर्व मोरिस्कोंना देशाबाहेर घालवण्याचा निर्णय घेतला. व्हॅलेन्सियात लोकांना बंदराकडे निघायला तीन दिवस मिळाले. अनेक लहान मुले आई-बापांपासून तोडून मागे ठेवण्यात आली. १६१४ पर्यंत सुमारे तीन लाख माणसे गेली. त्यांतले काही आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरल्यावर लुटले गेले, कारण तिथल्या लोकांना ते ख्रिस्ती वाटले. ट्युनिशियातील तेस्तूरसारखी गावे या निर्वासितांनी वसवली.

हकालपट्टी चालू असतानाच, १६११ मध्ये, सेबास्तियान दे कोवारुबियास या विद्वानाचा स्पॅनिश शब्दकोश प्रसिद्ध झाला. त्यात ‘रासा’ हा शब्द आहे, इंग्रजी ‘रेस’चा स्पॅनिश भाऊबंद. घोड्यांच्या बाबतीत या शब्दाचा अर्थ उमदी पैदास. कापडाच्या बाबतीत, विणीतल्या इतर धाग्यांहून वेगळा दिसणारा धागा. माणसांच्या कुळाच्या बाबतीत मात्र तो वाईट अर्थाने वापरतात, असे कोशकार सांगतो आणि उदाहरण देतो : कुळात मूर किंवा ज्यू यांचा ‘रासा’ असणे.

म्हणजे “मुसलमान हा वंश नाही” हे वाक्य आज ज्या शब्दाच्या आधारावर उभे आहे, त्या शब्दाच्या जुन्या कोशातले उदाहरणच मुसलमान आणि ज्यू यांचे आहे. वंश आधी होता आणि द्वेष नंतर आला, असे झाले नाही. द्वेषाला टिकाऊ जागा हवी होती. श्रद्धा बदलता येते, म्हणून तो रक्तात नेऊन ठेवला. तिथून तो बदलता येत नाही.

‘कास्टा’चा प्रवास गोव्यापर्यंत

या शब्दाचा एक जुळा भाऊ आहे : ‘कास्टा’. इबेरियात त्याचा अर्थ जात, पैदास, शुद्ध कुळ. पोर्तुगीज हा शब्द घेऊन हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर उतरले. इथल्या जातींना काय म्हणावे हा प्रश्न पडला तेव्हा त्यांनी हाच शब्द वापरला आणि त्यातूनच पुढे इंग्रजीत ‘कास्ट’ रूढ झाला.

शब्दाबरोबर संशयही आला. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन बसले. त्याच काळात तिथे गार्सिया दा ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य राहत होता. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचाही तो वैद्य होता. हिंदुस्थानातील औषधी वनस्पतींवरचे त्याचे संवादरूप पुस्तक १५६३ मध्ये गोव्यात छापले गेले. तो बाप्तिस्मा झालेला ख्रिस्ती होता, पण ज्यू घराण्यातला, म्हणजे ‘नवख्रिस्ती’. १५६८ मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून जिवंत जाळण्यात आले. १५८० मध्ये खुद्द त्याची हाडे थडग्यातून उकरून जाळली गेली. ज्या दख्खनी मुसलमान सुलतानाच्या दरबारात त्याला मान मिळाला, तिथे त्याच्या रक्ताची चौकशी कोणी केली नव्हती.

आणि गोव्यात ख्रिस्ती झालेल्या स्थानिक लोकांचे काय? धर्म बदलला, जात राहिली. बामण, चारडो, सुदिर हे भेद चर्चच्या आतही टिकले. रक्ताची भाषा बोलणारे राज्यकर्ते आणि जन्माची भाषा बोलणारा समाज एकमेकांना भेटले, तेव्हा दोघांना एकमेकांचे व्याकरण समजायला वेळ लागला नाही.

जात आणि वंश

मग जात म्हणजेच वंश का? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याचे उत्तर १९३६ मध्ये ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये स्पष्ट दिले आहे : नाही. पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार एकाच मानववंशाचे आहेत. जाती रक्तशुद्धी राखण्यासाठी निर्माण झाल्या हा दावा त्यांनी मोडून काढला. त्याआधी हर्बर्ट रिस्ले हा इंग्रज अधिकारी नाकांची मापे घेऊन जातींची उतरंड वंशावर बसवू पाहत होता. पुढे १९०१ च्या जनगणनेचा प्रमुखही तोच झाला. बाबासाहेबांनी त्या शास्त्राला किंमत दिली नाही.

पण जात वंश नाही म्हणून जातीचा अन्याय वेगळ्या खात्यात टाकावा का? संयुक्त राष्ट्रसंघाने २१ डिसेंबर १९६५ रोजी वंशभेद निर्मूलनाचा करार संमत केला. त्यातील व्याख्येत वंश, रंग, कुळ-जन्म आणि राष्ट्रीय किंवा वांशिक मूळ अशी कारणे दिली आहेत. यातला ‘कुळ-जन्म’ हा शब्द भारताच्या सूचनेवरून आला. पुढे २००१ मध्ये डर्बनच्या परिषदेत दलित कार्यकर्ते जातीचा प्रश्न घेऊन गेले, तेव्हा भारत सरकारची भूमिका होती की जात म्हणजे वंश नव्हे, हा विषय इथला नाही. वाक्याचा पहिला भाग बाबासाहेबांचाच होता. फरक एवढाच की बाबासाहेबांनी ते जातीचा आधार काढून घेण्यासाठी म्हटले होते आणि डर्बनमध्ये ते विषय बंद करण्यासाठी म्हटले गेले. २००२ मध्ये याच करारावर देखरेख करणाऱ्या समितीने ‘कुळ-जन्म’ यात जातही येते असे नमूद केले.

“मुसलमान हा वंश नाही” आणि “जात हा वंश नाही” ही दोन वाक्ये म्हणूनच मला सख्खी भावंडे वाटतात. दोन्ही खरी आहेत. दोन्हींचा उपयोग बहुधा एकच असतो : तक्रार ऐकून न घेणे.

शब्द कुठे वापरू नये

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आपल्या लोकांत अलीकडे कुठल्याही टीकेला वंशवाद किंवा इस्लामद्वेष म्हणण्याची सवय लागली आहे. हमीद दलवाईंनी १९६६ मध्ये सात मुस्लिम महिलांना घेऊन मुंबईत मोर्चा काढला आणि तोंडी तलाकविरुद्ध कायदा मागितला. त्यांची मते कोणाला पटतील, कोणाला पटणार नाहीत. मला त्यांची काही मते पटत नाहीत. पण तो वाद विचारांचा होता. त्यांचा विरोध एका प्रथेला होता आणि प्रथा बदलली की तक्रार संपणार होती.

माझ्या मते कसोटी हीच आहे. तक्रार मिटण्याचा काही रस्ता आहे का? तुमची ही प्रथा वाईट आहे, ती सोडा, असे म्हणणाऱ्याशी भांडता येते, त्याचे ऐकता येते, प्रसंगी त्याचे मानताही येते. तुम्ही मुळातच तसे आहात, काहीही केले तरी तसेच राहाल, असे म्हणणाऱ्यापुढे करण्यासारखे काही उरत नाही. मोरिस्कोंनी बाप्तिस्मा घेतला, तरी ते ‘मूर’च राहिले. नमाज न पढणाऱ्या मुसलमानाला केवळ नाव ऐकून भाड्याची खोली नाकारली जाते, तेव्हा घरमालकाचे भांडण श्रद्धेशी नसते. सप्टेंबर २००१ मध्ये अमेरिकेतील ॲरिझोनात एका शीख पेट्रोलपंपचालकाला मुसलमान समजून गोळी घालण्यात आली. मारणाऱ्याने धर्म तपासला नव्हता. त्याने पगडी, दाढी आणि कातडी पाहिली होती.

प्रथेवरची टीका आणि माणसावरचा शिक्का यांत फरक न करता आपणच हा शब्द सरसकट वापरला, तर ज्या दिवशी तो खरोखर लागेल त्या दिवशी त्याला वजन राहणार नाही.

आपल्या घरातली शिडी

आता नून्येस मुलेयच्या त्या अडचणीच्या जागेकडे. इस्लाममध्ये वंशवाद नाही, असे आपण अभिमानाने सांगतो. हजरत बिलाल (रजि.) यांचे नाव घेतो. अखेरच्या हजच्या प्रवचनाचा दाखला देतो. कुरआनच्या ‘हुजुरात’ सूरहमधील आयत सांगतो, की कबिले आणि वंश हे परस्परांच्या ओळखीसाठी आहेत, श्रेष्ठत्व तकव्यावर ठरते. ही शिकवण आहे आणि ती खरीच मोठी आहे. पण शिकवण आणि इतिहास या दोन गोष्टी आहेत. हजरत अबू जर (रजि.) यांनी एका माणसाला त्याच्या आईवरून हिणवले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना सुनावले की तुमच्यात अजून जाहिलियत शिल्लक आहे. ही हदीस बुखारीत आहे आणि ते हिणवणे आईच्या काळेपणावरून होते व तो माणूस म्हणजे बिलाल होते, असे भाष्यकार सांगतात. म्हणजे ही शिल्लक पहिल्या पिढीतही होती. प्रेषितांनी ती झाकली नाही, नाव देऊन दाखवली.

पुढे ८६९ ते ८८३ अशी चौदा वर्षे बसऱ्याच्या परिसरात ‘झंज’ म्हणजे पूर्व आफ्रिकेतील गुलामांचा उठाव अब्बासी खिलाफतीला पुरून उरला. गोऱ्यांपेक्षा काळे कसे श्रेष्ठ, यावर अल-जाहिज या बसऱ्याच्याच लेखकाने एक निबंध लिहिला. असा निबंध लिहिण्याची गरज पडावी, यातच सर्व आले.

दख्खनचे उदाहरण तर आपल्या दाराशी आहे. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, त्याने वसवली. जमीन-महसुलाची त्याची घडी त्याच्यानंतरही नावाजली गेली. १६२६ मध्ये तो वारला. खुलताबादला त्याची कबर आहे. एवढा माणूस रणांगणात हरत नाही म्हणून जहांगीर बादशहा आपल्या आत्मचरित्रात त्याच्या काळ्या तोंडाचा उद्धार करतो. अंबरच्या छाटलेल्या मस्तकावर स्वतः बाण सोडतो आहे, असे चित्रही त्याने काढून घेतले. प्रत्यक्षात ते मस्तक मुघलांच्या हाती कधी लागलेच नाही. दोघेही मुसलमान होते. दोघांनीही ती आयत ऐकलेली होती. आज चारशे वर्षांनंतर आपल्या मोहल्ल्यात ‘हबशी’ हा शब्द कशासाठी वापरतात, हे मी सांगायला नको.

रंगाबरोबर खानदानही आहे. अश्राफ आणि अजलाफ हे शब्द आपल्या समाजात उगवले. सय्यद, शेख, पठाण वर आणि बागवान, अन्सारी, कुरेशी, पिंजारी, मदारी खाली, ही उतरंड कोणत्याही फिकहने फर्ज केलेली नाही, तरी स्थळे पाहताना ती पहिली आठवते. मशिदीत एका सफमध्ये उभे राहणारे बेटीव्यवहाराच्या वेळी वेगळे होतात. महाराष्ट्रात जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली, दिलीपकुमार तिच्या पाठीशी उभे राहिले. तेव्हा ‘इस्लाममध्ये जात नाही, तुम्ही फूट पाडता’ असा विरोध आपल्यातूनच झाला. डर्बनमध्ये सरकारने जे केले तेच आपण घरात केले : शिकवणीचा दाखला देऊन तक्रार बंद.

स्पेनने २०१५ मध्ये कायदा करून १४९२ साली हाकललेल्या ज्यूंच्या वंशजांना नागरिकत्वाचा मार्ग खुला केला. चांगले झाले. मोरिस्कोंच्या वंशजांसाठी मात्र तसा कायदा झाला नाही. या दुजाभावावर बोट ठेवण्याचा आपल्याला हक्क आहे, तसे “मुसलमान हा वंश नाही” म्हणणाऱ्याला १६११ चा शब्दकोश दाखवण्याचाही हक्क आहे. पण त्या हक्काला वजन यायचे असेल, तर आपल्या शिडीच्या खालच्या पायरीवर कोण उभे आहे हे आधी पाहावे लागेल आणि पायरी बदलून मागण्याऐवजी शिडीच काढून टाकण्याची मागणी करावी लागेल. ती मागणी आपल्या घरातल्या पुढच्या सोयरिकीपासून सुरू होते.